टिकणारा रंग

'अजगर' या शब्दाची फोड 'शेळी गिळणारा' अशी होते. पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात राहणाऱ्या बॉल पायथनला हे नाव शोभत नाही. सुमारे सव्वा ते दीड मीटर लांबीचा हा भिडस्त अजगर उंदरांवर गुजराण करतो आणि भय वाटताच डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. १८०२ साली जॉर्ज शॉ यांनी त्याला शास्त्रीय नाव देताना 'राजस' या अर्थाचे विशेषण जोडले. बेनिनमधील विदा या गावी तर अजगरांचे मंदिरच आहे. तेथे ज्याची पूजा होते, तो गडद तपकिरी अंगावर सोनेरी डाग असलेला साधाच बॉल पायथन.

हा रंग पुढे अपुरा ठरला. १९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी बंदिवासात पहिला वर्णहीन, म्हणजे अल्बिनो, बॉल पायथन जन्मास घातला आणि त्यानंतर नव्या रंगांची शर्यत सुरू झाली. एकेका पिलाला हजारो डॉलर मोजले गेले. येथे 'पिलाला' हा शब्द महत्त्वाचा आहे. व्यापार चालतो तो काही महिन्यांच्या पिलांचा; पूर्ण वाढीस मात्र काही वर्षे लागतात. म्हणजे रंग जेव्हा सर्वांत तेजस्वी असतो, नेमक्या त्याच क्षणी त्याचे मोल ठरते. पहिल्या संग्रहावरून कवीचे भवितव्य वर्तवणाऱ्या आम्हां वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही चूक अपरिचित नाही.

सगळे रंग सारखे टिकत नाहीत, आणि त्याची कारणे कातडीत आहेत. 'पेस्टल' जातीचे पिलू लिंबासारखे पिवळेधमक असते. पण काळे रंगद्रव्य शाबूत असल्याने वयाबरोबर तो पिवळा अनेकदा मळकट होत जातो. 'बनाना' जातीच्या अंगावर वाढत्या वयात काळे ठिपके उमटतात. उलट अल्बिनोत काळे रंगद्रव्य तयारच होत नाही. पिवळा थोडा निवळला तरी झाकोळण्यास काही उरत नाही. 'पायबाल्ड'चे पांढरे पट्टे पांढरेच राहतात, कारण तेथे रंगपेशीच नसतात. 'डेझर्ट घोस्ट' ही जात तर प्रौढपणी रंग राखते म्हणूनच संवर्धकांत नावाजली गेली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनाने सापांनी टाकलेल्या कातींतून डीएनए काढून अल्बिनोपणास कारणीभूत असलेले जनुकीय बदल ओळखले.

म्हणून निवड करणाऱ्याने पिलाआधी त्याचे आईबाप पाहावेत, शक्य असल्यास मोठी झालेली भावंडेही. आणि ती दिव्याखाली नव्हे, उजेडात. कात नुकतीच टाकलेली असेल तर रंग उजळ दिसतो, हेही ध्यानात घ्यावे. जातीचे नाव पुरेसे नाही; एकाच नावाच्या दोन वंशांत रंगाचे टिकणे वेगवेगळे असते.

परंतु टिकाऊपणा हीच एकमेव कसोटी मानली तर आम्ही दुसरी चूक करू. १९९९च्या सुमारास अमेरिकेत पुढे आलेली 'स्पायडर' जात तिच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीमुळे लोकप्रिय झाली. त्या नक्षीसोबत मान डुलण्याचा, तोल जाण्याचा विकारही येतो; तो आंतरकर्णाच्या सदोष रचनेशी जोडला गेला आहे. नक्षी ठेवून विकार वगळणे संवर्धकांना साधलेले नाही. २०१८पासून इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत या जातीच्या विक्रीस बंदी घातली. डोळ्यांना सुखावणारी नक्षी येथे त्या जिवाला आयुष्यभर भोगावी लागते.

आणि हे आयुष्य लहान नाही. अमेरिकेतील सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली. तेव्हा तिचे वय किमान ६२ वर्षे असल्याचा अंदाज होता. एवढे वय प्रत्येकाला लाभत नाही, तरी वीस-तीस वर्षांची सोबत गृहीत धरावीच लागते. त्यांतली पहिली दोन-तीन वर्षेच पिलाच्या रंगाची. उरलेला काळ ज्या प्रौढ सापासोबत काढायचा, त्याला आधी पाहून घ्यावे, आणि तो मान सरळ धरतो आहे ना, हेही.