मॉरिस मायनर ट्रॅव्हलरचं स्केल मॉडेल: घेताना काय पाहायचं, घरात कसं जपायचं?

मॉरिस मायनर ही 1948 मध्ये आलेली छोटी ब्रिटिश मोटार. पुढे 'मिनी' घडवणाऱ्या ॲलेक इसिगोनिसचं हे डिझाइन. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने ती 'बेबी हिंदुस्तान' नावाने विकली. 1953 ते 1971 या काळात ब्रिटनमध्ये तिची 'ट्रॅव्हलर' ही एस्टेट आवृत्ती बनली. एस्टेट म्हणजे मागच्या दारापर्यंत सरळ छत असलेली, आपली स्टेशन वॅगन. तिच्या मागच्या भागाची ॲश लाकडाची चौकट नुसती शोभेची नाही, त्या भागाचा भार ती पेलते. लाकूड कुजलं तर ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत गाडी नापास व्हायची.

मॉडेलमध्ये हे लाकूड बहुतेकदा रंगवलेलं असतं. म्हणून आधी तिथेच नजर टाका. पट्ट्यांच्या कडा सरळ हव्यात, रंग मधासारखा हवा.

1:43 म्हणजे खऱ्या गाडीच्या 43 सेंमीला मॉडेलचा 1 सेंमी. पावणेचार मीटरची ट्रॅव्हलर साधारण पावणेनऊ सेंमीची होते. 1:76 मध्ये जेमतेम पाच. हे विचित्र आकडे खेळण्यातल्या रेल्वेकडून आले: ओ आणि डबल-ओ गेज रुळांशेजारी शोभतील अशा गाड्या हव्या होत्या. कॉर्गीच्या 'व्हॅनगार्ड्स' मालिकेत 1:43 ची, तर ऑक्सफर्ड डायकास्टकडे 1:76 ची ट्रॅव्हलर आहे.

जुनं मॉडेल घेताना खरी भीती 'झिंक पेस्ट'ची. हा किडा नाही. डायकास्टच्या जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरेची भेसळ राहिली की धातू आतून तडकत जातो, आणि दमट हवेत हे लवकर होतं. रंगाला फोड, केसासारख्या चिरा, वाकलेला तळ दिसला तर कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या, कारण यावर उपाय नाही. चांगल्या कंपन्यांच्या आजच्या शुद्ध जस्तात हा त्रास क्वचितच होतो.

खाडी आणि समुद्राच्या मधल्या मिरा-भाईंदरमध्ये, म्हणजे इंद्रलोकच्या फ्लॅटमध्येही, पावसाळ्यात आधी खोका बुरशी धरतो. संग्राहक खोक्याचेही पैसे मोजतात, तेव्हा तो टाकू नका. मॉडेल बंद ॲक्रिलिक पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, उन्हापासून दूर ठेवा. पुड्या अधूनमधून बदला. मऊ टायर प्लास्टिकच्या तळाला चिकटून डाग पाडतात, त्यामुळे गाडी किंचित उचलून, चाकं अधांतरी राहतील अशी बसवा.