ओळंब्याखालचा दगड

आमच्या आणि चुलतभावाच्या शेतामध्ये एक धुरा आहे. तो कुणी कुणाकडे सरकवला, यावरून दोन पिढ्या ईदलासुद्धा एकमेकांशी तुटक बोलल्या. शेवटी आम्ही मोजणी लावली. तरुण मोजणीदार आला तो साखळी न घेता. हातात दोन मीटरची काठी, वर पांढरी गोल डबी. डबीचा संबंध 20 हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांशी, असे तो म्हणाला. चुलतभावाने विचारले, "त्यांना आपला शिवदगड दिसतो काय?"

प्रश्न वेडगळ नव्हता. उपग्रहांमुळे कळते ती डबीची जागा. दगड असतो खाली मातीत. डबी नेमकी दगडावर आहे की नाही, हे काठी धरणाऱ्याने पाणसळीतला बुडबुडा पाहून ठरवायचे. काठी एका अंशाने कलली, तर वरचे टोक साडेतीन सेंटिमीटर सरकते. म्हणून फार काटेकोर काम असेल तर तिवई रोवतात, तिच्या मध्यातून ओळंबा सोडून खालची खूण साधतात आणि डबीची उंची मोजून लिहितात. उंची चुकली की सगळे उपग्रह वाया.

ही धास्ती जुनी आहे. 1802 साली विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची पायारेषा मोजली. 100 फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून त्या पेट्या तिवयांवर समपातळीत आणायच्या, ऊन लागू नये म्हणून वर तंबू, सोबत उष्णतामापक. साखळी 400 वेळा मांडावी लागली. 57 दिवस गेले. 1808 साली तंजावरच्या देवळावर त्याचे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्ब्टन सहा आठवडे तंबूत कोंडून घेऊन ते ठोकून-ताणून पुन्हा गोल करीत बसला!

यंत्र ठेवायच्या ठिकाणी दगडावर वर्तुळ आणि मध्ये बिंदू कोरलेला असे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने सपाट मुलखात मनोरे बांधले. यंत्राचे यंत्र सांभाळायला अर्काटचा कारागीर सय्यद मीर मोहसीन हुसेन होता. हा सारा खटाटोप कंपनीच्या राज्यासाठी होता, हे विसरू नये. आणि यंत्र डोंगरावर वाहून नेणाऱ्या खलाशांची नावे कोण सांगणार? लॅम्ब्टनची कबर मात्र आपल्याकडे, वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला आहे. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी 1823 मध्ये तो तिथेच वारला.

आमच्या शेतात त्या दिवशी वारा होता. बुडबुडा ठरेना, पण पोराने घाईत आकडा घेतला. चुलतभाऊ म्हणाला, "थांबा." दगडावरची माती त्याने हातांनी उकरली, दोन बांबू आणून काठीला टेकू दिला. एक बांबू त्याने धरला, एक मी. बुडबुडा मधोमध येईपर्यंत आम्ही दोघेही श्वास रोखून उभे होतो.

आकडे पुन्हा घेतले. वीतभर आम्हीच त्याच्या शेतात शिरलो होतो.