कागदावरचें गाणें आणि गळ्यांतलें गाणें

ग्रंथावर ग्रंथकाराचा हक्क असतो, हें सर्वांस मान्य आहे. परंतु चालीवर तिच्या कर्त्याचा हक्क तितक्या सहजपणें मान्य झाला नाहीं. १७१० च्या इंग्लिश कायद्यांत ग्रंथ व लेखन यांचा उल्लेख होता, संगीताचा नव्हता. लंडनवासी जर्मन संगीतकार योहान ख्रिश्चन बाख याच्या कांहीं रचना लाँगमन व ल्यूकी या प्रकाशकांनीं त्याच्या परवानगीवांचून छापल्या, तेव्हां तो न्यायालयांत गेला. १७७७ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्या न्यायासनानें संगीत हेंही लेखनच होय, असा निर्णय दिला. बाखास न्याय मिळाला. पण तो कागदाच्या आधारें मिळाला.

हीच कागदाची अट भारताच्या १९५७ च्या कायद्यांतही आली. छापलेली वा लेखनबद्ध स्वररचना तेवढीच संगीतकृति ठरली. जेथें विद्या गुरुमुखांतून शिष्याच्या गळ्यांत उतरते, तेथें हें विपरीतच म्हणावयाचें. १९९४ च्या दुरुस्तीनें ती अट गेली.

आज आपली स्वतंत्र चाल आंतरजालावर ऐकविणाऱ्या कलावंताचा हक्क नोंदणीवांचूनही असतो, व मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. राग सर्वांचा, त्यांत बांधलेली नवी चीज मात्र कर्त्याची. गाणें ऐकावयास देणें म्हणजे तें देऊन टाकणें नव्हे. तथापि अटी न वाचतां संमति देणारा कलावंत या हक्काचा मोठा भाग स्वतःच दुसऱ्याच्या स्वाधीन करूं शकतो. म्हणून रियाजाइतकेंच करारपत्राचें वाचनही त्यानें आवश्यक मानावें, असें आम्हांस वाटतें.