वस्तऱ्याचं पाणी

तालमीतला वस्ताद आणि न्हाव्याच्या धोकटीतला वस्तरा एकाच वाटेने मराठीत आले. फारसीतला 'उस्ताद' मराठी तोंडात 'वस्ताद' झाला, तसाच 'उस्तरा'चा 'वस्तरा' झाला. सुरुवातीच्या 'उ'ला आपण 'व'चा टेकू दिला, इतकंच. उस्तऱ्यामागे फारसीतलं 'सुतुर्दन' हे क्रियापद आहे. खरवडून साफ करणं, पुसून टाकणं, मुंडणं असे त्याचे अर्थ. दख्खनेत हे शब्द बहमनी काळापासून रुजत गेले. हिंगोलीचा मुलूख तर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे कचेरीची भाषा उर्दू होती, गावात बलुतं मागणारा मात्र मराठीत बोलत होता. अशा मुलखात वस्तरा परका वाटण्याचं कारणच नव्हतं.

मग वस्तरा येण्याआधी इथे काय होतं? 'क्षुर' होता. हा शब्द फार जुना. ग्रीकमधला 'क्सुरॉन' हा त्याचा सख्खा भाऊ, आणि त्याचाही अर्थ वस्तराच. कठोपनिषदाने अवघड वाटेला याच क्षुराच्या धारेची उपमा दिली. मराठीत 'क्षौर' धर्मकृत्यापुरतं उरलं आणि 'क्षुरिका' 'सुरी' होऊन स्वयंपाकघरात गेली. 'क्षुरप्र' हा जोडशब्द रानात उतरला आणि त्याचं 'खुरपं' झालं. वसमतकडे हळदीच्या वाफ्यात निंदायला बसलेल्या बायकांच्या हातात आजही क्षुर आहे. न्हाव्याच्या हातातून मात्र तो गेला. हे मला फार मोलाचं वाटतं: शब्द मेला नाही, त्याने फक्त धंदा बदलला.

हत्याराचं नाव फारसी झालं, पण त्याला धार लावण्याचे शब्द जिथले तिथेच राहिले. न्हाव्याचा दगड म्हणजे पथरी किंवा निसणा. निसण्यात संस्कृत 'निशान' आहे, म्हणजे धार लावणं. 'निशित' म्हणजे तीक्ष्ण, तोही त्याच घरातला. 'शाण' हा धारेच्या दगडाचा आणखी एक शब्द. त्याची 'सहाण' झाली आणि ती देवघरात चंदन उगाळायला बसली. पात्यावरून शेवटचा हात फिरवायचं ते चामोटं. त्यातलं चाम उघडच दिसतं.

या कामाची जुनी नोंद सुश्रुतसंहितेत आहे, आणि ती वाचताना पथरीवर बसलेला न्हावीच डोळ्यांपुढे येतो. शल्यकर्माच्या शस्त्रांना धार लावायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड घ्यावा, आणि ती धार नीट बसवायला शाल्मलीची, म्हणजे काटेसावरीची, फळी वापरावी, असं तिथे सांगितलं आहे. आधी दगड, मग मऊ पृष्ठभाग. छेद घेणाऱ्या शस्त्राची धार अर्ध्या केसाएवढी बारीक हवी, आणि शस्त्राने केस कापला गेला म्हणजे ते तयार झालं असं समजावं. जुना वस्तरा पुन्हा कामाला आणणारे आजही हीच परीक्षा घेतात.

हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. आधी तेल लावून गंज मऊ करायचा आणि बारीक कागदाने पुसून काढायचा. धारेवरच गंजाचे खड्डे पडले असतील तर तेवढं पोलाद झिजवल्याशिवाय सुटका नाही. मग दगड भिजवून पातं त्यावर आडवं ठेवायचं, पाठ आणि धार दोन्ही टेकतील असं. वस्तऱ्याचा कोन ठरवते ती त्याची जाड पाठच, म्हणून ती उचलायची नाही. धार पुढे ठेवून पातं सरकवायचं, पाठीवर उलटून परत आणायचं, आणि जोर जवळजवळ द्यायचाच नाही. दगड हजार नंबरचा असो की आठ हजारांचा, खूण एकच: धार लागत आली की दगडावरचं पाणी तिच्यापुढे न पळता पात्यावर चढू लागतं. चामड्यावर मात्र दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. तिथे चुकलं तर चामोटंच कापलं जातं.

पण या सगळ्यात माझा जीव अडकतो तो 'पाजवणे' या शब्दात. मराठवाड्यात विळा-कुऱ्हाड 'पाजवून' आणतात. तापलेलं पोलाद पाण्यात बुडवलं की लोखंड पाणी प्यालं, अशी ही कल्पना. सुश्रुतानेही या क्रियेला 'पायना', म्हणजे पाजणं, असंच म्हटलं आहे आणि तिचे तीन प्रकार दिले आहेत: क्षाराची, पाण्याची आणि तेलाची. तिथूनच पाणी म्हणजे अंगची धमक. म्हणून आपण माणसाचं पाणी जोखतो आणि वेळ आली की त्याला पाणी दाखवतो. 'बिनपाण्याने हजामत' यातलं पाणी मात्र वेगळं, ते हनुवटीवरचं; कोरड्या दाढीवर चाललेला वस्तरा ज्याने सोसला आहे त्यालाच या म्हणण्यातली जळजळ कळेल.

हजामत शब्दाचीही गंमत सांगायला हवी. अरबीत 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं आणि 'हज्जाम' म्हणजे ते करणारा. केस कापण्याचा अर्थ मागून आला. मराठीने मूळ अर्थ एका म्हणीत जपून ठेवला: रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. रक्त काढणाऱ्या, गळू फोडणाऱ्या माणसाचं नाव पुढे शिवीसारखं वापरलं गेलं, हे मला सलतं. मराठवाड्यात त्याला 'वारीक' म्हणतात, पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात 'म्हाली'. सेना महाराजांनी स्वतःला अभिमानाने वारीक म्हणवून घेतलं; त्यांच्या अभंगात विवेक आरसा होतो आणि वैराग्य चिमटा. ज्या नामदेवांचं नाव हिंगोलीजवळच्या नर्सीने आपल्या नावाला जोडलं, त्यांची आणि सेनांची वाणी गुरू ग्रंथसाहिबात एकत्र आहे. एक शिंपी, दुसरा न्हावी.

आता दुकानातल्या वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसवतात आणि गिऱ्हाईक उठलं की फेकतात. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार केला तर ते योग्यच आहे. त्यामुळे निसणा आणि चामोटं धोकटीतून निघून गेले, नाव तेवढं वस्तऱ्याचं राहिलं. पण घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबांचा घडीचा वस्तरा सापडला, तर तो दारावर येणाऱ्या चाकवाल्याकडे देऊ नका. फिरत्या चाकावर ठिणग्या उडतात, पातळ धार क्षणात तापून निळी पडते आणि तिचं पाणी उतरतं. मग पथरीवर कितीही घासा, धार टिकत नाही. त्या पोलादाला पुन्हा भट्टीत घालून नव्याने पाणी पाजावं लागतं.