कीर्तन आले, हरिकथा झाली

बाप्पांना निरोप दिला की चेन्नईत कार्यक्रमांची रांगच लागते. नवरात्रात घरोघरी गोलू मांडला जातो, मग दिवाळी येते आणि डिसेंबरच्या मध्याला मार्गळी महिना लागला की संगीताचा मोसम सुरू होतो. मैलापूर, टी. नगर या भागांतील सभांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत गाणे, नृत्य आणि प्रवचने चालू असतात. आपल्यापैकी बरेच जण हे सारे 'त्यांचे' म्हणून लांबूनच पाहतात. पण याच मोसमात ऐकू येणाऱ्या एका कलेचे माहेर महाराष्ट्रात आहे. ती कला म्हणजे हरिकथा.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. तेव्हापासून १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत कावेरीकाठी भोसल्यांचा अंमल होता. राजांमागोमाग कारकून आले, शिलेदार आले आणि समर्थ संप्रदायाचे रामदासीही आले. तंजावर आणि मन्नारगुडी येथे त्यांचे मठ झाले. मठात आणि दरबारात मराठी कीर्तन होऊ लागले.

खरी गोष्ट पुढेच आहे. राज्य गेले, राजाश्रय संपला, पण कीर्तन थांबले नाही. राज्य खालसा झाल्यानंतर नऊ वर्षांनी, १८६४ मध्ये, रामचंद्रबुवा मोरगावकर हे कीर्तनकार तंजावरला आले. अष्टविनायकांतील पहिल्या मयूरेश्वराचे गाव त्यांच्या आडनावातच आहे! मुंबईकडून आलेला आणि मद्रासकडून गेलेला असे दोन्ही लोहमार्ग रायचूरला जोडले गेले ते १८७१ मध्ये. म्हणजे बुवा आले तेव्हा सलग गाडी नव्हती. आज सोलापूर-रायचूरमार्गे सहज पार पडणाऱ्या प्रवासाचा तेव्हाचा विचार केला तर त्यांच्या जिद्दीचे कौतुक वाटते.

अशा मराठी कीर्तनकारांना ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी (निधन १९०३) एक नवी मांडणी केली. त्यांनी मराठी कीर्तनाचा साचा घेतला, निवेदन तमिळमध्ये केले, तबल्याच्या जागी मृदंगम् आणला आणि त्यागराजांच्या रचना कथेत ओवल्या. मात्र साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार तसेच ठेवले. त्यांची नावेही बदलली नाहीत. आपल्या नाट्यसंगीताच्या रसिकांना ओळखीची असलेली साकी आणि दिंडी इथे तमिळ श्रोत्यांपुढे गायली जाते. कथेत गुंफलेल्या पद्यांना आजही 'निरूपणम्' म्हणतात. पुढे सी. सरस्वतीबाईंनी विरोधाला न जुमानता हरिकथा केली आणि स्त्रियांसाठी हे व्यासपीठ खुले केले. आज विशाखा हरी यांच्या कथेला चेन्नईतील सभागृहे भरतात.

भजनाचेही तसेच झाले. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी दक्षिणेतील भजनपद्धतीची जी घडी बसवली, तिच्यात मराठी अभंगाला मानाचे स्थान मिळाले. वंदवासीजवळ तेन्नांगूरला पांडुरंगाचे मोठे मंदिर आहे. अरुणा साईराम कर्नाटक संगीताच्या मैफलीत अभंग गातात, तेव्हा शब्द न कळणारे श्रोतेही टाळ्यांचा ठेका धरतात.

यातून मला एक गोष्ट जाणवते. कीर्तन जर दरबारातल्या चार मराठी माणसांपुरते राहिले असते, तर १८५५ नंतर ते संपले असते. ते शेजाऱ्याच्या भाषेत गेले, त्याच्या वाद्यावर वाजले, म्हणून जगले. आज हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. मुले शाळेत इंग्रजी, तमिळ, हिंदी शिकतात. मराठी उरते ती स्वयंपाकघरात आणि गणपतीच्या आरतीत. आपले कार्यक्रम आपणच करायचे आणि आपणच बघायचे, असे चालले तर पुढच्या पिढीला त्यांची गरज का वाटावी?

दुसरीकडे, याच शहरात तंजावरी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. आपल्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावण्यासाठी त्यांनी १९१२ मध्ये मराठा एज्युकेशन फंड स्थापन केला. शाळेचा आधार नसताना त्यांनी घरात मराठी टिकवली. ती आपल्यापेक्षा वेगळी आहे. तिच्यात तमिळ वळणे आहेत. पण तिचे वय तीनशे वर्षांहून अधिक आहे. तिला अशुद्ध म्हणण्याआधी आपली मराठी या गावात किती पिढ्या टिकेल, याचा विचार करावा.

म्हणून पुढच्या वर्षासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. मार्गळीत मंडळाच्या सभासदांनी मुलांसह एक तरी हरिकथा ऐकावी आणि साकी-दिंडी कुठे येते ते त्यांना ओळखायला लावावे. २२ ऑगस्टच्या सुमारास मद्रास दिनानिमित्त शहराच्या इतिहासावर व्याख्याने आणि पदभ्रमंती होतात, त्यांत आपण सामील व्हावे. आणि पुढच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ तंजावरी मराठी कुटुंबांसाठी आणि तमिळ शेजाऱ्यांसाठी राखून ठेवावी. आधी मराठी कीर्तन व्हावे, मग तमिळ हरिकथा. दोघी बहिणी एका मांडवात बसल्या तर गजाननाला आनंदच होईल.

गणपती बाप्पा मोरया!