गाठोड्याची साक्ष

हाताच्या रेषांवरून स्वभाव सांगणारे विद्वान गल्लोगल्ली असतात. आमच्या आजीचे शास्त्र निराळे होते. ती गाठोड्यावरून माणूस सांगे. आमचे घर माळशिरसचे, म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवरचे. आषाढात नातेपुत्याचा मुक्काम हलला, सदाशिवनगरला रिंगण झाले, की संध्याकाळी सगळी वारी आमच्या गावात. मग आमची पडवी, ओसरी, माडीचा जिना, इतकेच काय पण परसातला गोठासुद्धा वारकऱ्यांचा. त्या रात्री आम्हां मुलांना स्वतःच्याच घरात झोपायला जागा नसे आणि त्याचा आम्हांला भलताच आनंद होई.

आजी दाराशी बसून येणाऱ्याच्या तोंडाआधी त्याची पडशी पाही. "वळकटीला तीन तीन गाठी! ह्याचा सुनेवर भरवसा नाही." "ह्या बाईंचा तांब्या कसा लख्ख आहे, पण पिशवी उसवलेली. घरात चिंच आहे, सुई नाही." एकदा एकाच्या गाठोड्यात टाळांचे दोन जोड निघाले. आजी हळूच म्हणाली, "एक ह्याचा, एक ह्याच्या गेलेल्या भावाचा." मागाहून विचारले तेव्हा तसेच निघाले. निदान, विचारायला आजीच गेली होती आणि तिने आम्हांला तसे सांगितले.

पुढे मी पुण्याला कॉलेजात इतिहास घेतला. चार बुके वाचल्यावर माणसाला आजीची परीक्षा घ्यावीशी वाटते, तशी मलाही वाटली. सुट्टीत घरी आलो तो एक तालेवार गिऱ्हाईक घेऊन आलो, आणि तेही आमच्याच तालुक्यात मुक्काम करून गेलेले. 1689 साली औरंगजेब बादशहाची छावणी अकलूजला होती. संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेल्याची बातमी त्याला तिथेच मिळाली, आणि त्या आनंदात त्याने अकलूजचे नाव असदनगर ठेवले. म्हणजे भाग्यवान गाव. आज माळशिरसच्या स्टँडवर कोणी असदनगरचे तिकीट मागून पाहावे. कंडक्टर आधी तोंडाकडे बघेल आणि मग गाठोड्याकडे.

तर ह्या बादशहाचे सामान मी आजीपुढे मांडले. 1695 साली जेमेली करेरी नावाचा एक इटालियन प्रवासी कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत गेला होता. त्याने लिहून ठेवलेले आकडे असे : छावणीचा घेर तीस मैल, बाजार अडीचशे, उंट पन्नास हजार, हत्ती तीन हजार, माणसे पाच लाख. (प्रवाशांच्या आकड्यांतून थोडी कसर वजा करावी, हे मी प्रवास करू लागल्यापासून शिकलो आहे.) आणि ह्या सगळ्या पसाऱ्याच्या मध्यभागी पंचाहत्तरी उलटलेला एक म्हातारा. अंगावर साधे पांढरे सुती कपडे, हातात काठी, पगडीत तेवढा पाचू. लोकांचे अर्ज स्वतः वाचतो आणि डोळ्यांना चष्मा नाही! हा बादशहा 1707 साली नगरला वारला. त्याच्या नावावर जे मृत्युपत्र सांगितले जाते, त्यात म्हटले आहे की, स्वतः शिवलेल्या टोप्यांचे चार रुपये दोन आणे शिल्लक आहेत, ते माझ्या कफनाला वापरा. कुराणाच्या नकला करून मिळालेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटा. खुलदाबादेला त्याची कबर आहे, तीही उघडी, वर छप्पर नाही.

मी विजयी मुद्रेने म्हटले, "आता सांग. साधा माणूस की नाही?"

आजी वाती वळत होती. तिने विचारले, "उंट किती म्हणालास?"

"पन्नास हजार."

"आणि टोप्यांचा हिशेब दोन आण्यांपर्यंत ठेवला?"

"हो."

"मग उंटांचा कुणी दिला?"

ह्यावर माझ्या कुठल्याच बुकात उत्तर नव्हते. पंचवीस वर्षे दख्खनच्या रयतेने तो हिशेब चुकता केला, हे इतिहासकारांनी पुष्कळ पाने खर्चून सांगितले आहे. आजीने ते अडीच वातींत आटपले.

पण आजीचे शास्त्र एकदा चुकले होते. मला ते ठाऊक होते, आणि त्या दिवशी मी ते काढले नाही.

तेव्हा मी चौथीत असेन. पालखीच्या रात्री एक म्हातारा वारकरी ओसरीवर आला. गाठोडे लहानसे, पण खाली ठेवताच खणकन वाजले. आजी म्हणाली, "ह्यात लोखंड आहे. हत्यार असणार. बाबा, सोडून दाखव." त्याने निमूटपणे सोडले. आत रापी, आरी, मेण लावलेला दोरा, ठोकायचा लोखंडी ठोकळा आणि कातड्याचे चार तुकडे. "दिंडीतल्या माउलींच्या वहाणा तुटत्यात आक्का. वाटंनं शिवत जातो," तो म्हणाला. पैसे घेतोस का, असे कोणीतरी विचारले. तो नुसता हसला.

आजी गप्प झाली. मग म्हणाली, "ते बाहेर ठेवा. पायरीपाशी."

'ते' म्हणजे गाठोडे की माणूस, हे तिने सांगितले नाही. त्याने दोन्ही बाहेर नेले. रात्री पावसाची सर येऊन गेली.

ह्याच आजीने गाडगेबाबांना पंढरपूरच्या वाळवंटात पाहिले होते, आणि ते सांगताना ती हात जोडत असे. बाबांचे तर सामान हेच नाव. वऱ्हाडातले डेबूजी झिंगराजी जानोरकर 1905 साली घर सोडून निघाले. हातात खराटा, एक फुटके गाडगे, अंगावर चिंध्यांचा झगा. जेवायचे त्याच गाडग्यात, आणि ऊन लागले की तेच डोक्यावर. हजारो माणसे देवळाकडे धावत असताना हा माणूस वाळवंट झाडत असे. लाखो रुपये जमवून त्याने धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बांधली ती, ज्यांना कोणाच्या ओसरीवर जागा मिळत नव्हती त्यांच्यासाठी. 1949 साली ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. 1956 च्या डिसेंबरात बाबा गेले, तेव्हा वाटणीला निघेल असे जवळ काहीच नव्हते. आजी हे सारे सांगे. चोखामेळा धर्मशाळेपाशी आली की मात्र तिचा आवाज जरा उतरे आणि ती पुढच्या गोष्टीकडे वळे.

त्या पहाटे आम्ही उठलो तेव्हा दिंडी वेळापूरच्या वाटेला लागली होती. पायरीवर आमच्या घरातल्या सगळ्या चपला ओळीने मांडलेल्या होत्या. वडिलांच्या वहाणेला नवा टाचा, माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवलेला, आणि आजीच्या वहाणा तर तेल लावून ठेवलेल्या. पायरीच्या कडेला एक आरी राहून गेली होती.

आजीने ती उचलली, पदराने पुसली आणि ओसरीच्या कोनाड्यात ठेवली. पुढच्या वर्षी पालखीच्या दिवशी ती सकाळपासून दाराशी होती. त्या वर्षी तिने कोणाचीच पडशी पाहिली नाही, आलेल्याचे तोंडच पाहत होती. तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला नाही. दर आषाढात कोनाड्यातली आरी खाली येई, तेलाचा हात फिरे आणि पुन्हा वर जाई. ओसरीवरून मात्र पुन्हा कोणाचे गाठोडे पायरीपाशी गेले नाही.

आजी गेल्यावर तिची पेटी उघडली. दोन लुगडी, जपाची माळ, वातींचा डबा, आणि फडक्यात गुंडाळलेली ती आरी, गंज नावालाही नाही. धाकट्या काकूने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हे हो काय? सासूबाई चपला शिवत होत्या की काय?"

वडील माझ्याकडे बघत होते. मी म्हटले, "असू दे. कोनाड्यात ठेव."