सोड्याच्या भट्टीतला धूर

धुण्याचा सोडा ही वस्तू आज इतकी स्वस्त आणि घरगुती झाली आहे की तिच्यापायी एके काळी गावेच्या गावे उजाड झाली होती, हे सांगूनही खरे वाटणार नाही. साबणाला सोडा हवा, काचेला सोडा हवा. आपल्याकडे लोणारच्या सरोवरातून खार काढीत. युरोपात तो स्पेनच्या किनाऱ्यावरची झुडपे आणि स्कॉटलंडचे समुद्रशेवाळ जाळून त्यांच्या राखेतून मिळवीत. लढाया सुरू झाल्या की ही राख दुर्मिळ होई. ड्यूक ऑफ ऑर्लेआंच्या पदरी असलेल्या निकोला लेब्लां नावाच्या फ्रेंच वैद्याने साध्या मिठापासून सोडा करण्याची कृती शोधून काढली आणि १७९१ साली तिचे पेटंट घेतले. दोनच वर्षांनी धन्याचे डोके गिलोटिनखाली गेले, कारखाना सरकारजमा झाला आणि १८०६ मध्ये लेब्लांने आत्महत्या केली. कृती मात्र जगली, आणि इंग्लंडात जाऊन गबर झाली.

मिठावर गंधकाम्ल ओतून ते तापवायचे. जे उरेल ते चुनखडी व कोळशाबरोबर भाजायचे. आणि त्या काळ्या राखेतून पाण्याने सोडा धुऊन काढायचा. यात दोन गोष्टी फुकट जात. एक, पहिल्या भट्टीतून सुटणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू. दुसरी, शेवटी उरणारा गंधकमिश्रित चुन्याचा गाळ. त्याला तिकडचे मजूर ‘गॅलिगू’ म्हणत. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक टन सोड्यामागे सातशे किलोच्या आसपास वायू सुटतो आणि जवळजवळ तेवढेच कॅल्शियम सल्फाइड मागे राहते. प्रत्यक्षात त्यात न जळलेला कोळसा आणि जादा चुना मिसळून ढीग त्याहून पुष्कळच मोठा होई.

१८२३ मध्ये जेम्स मस्प्रॅटने लिव्हरपूलमध्ये या भट्ट्या पेटविल्या. दोन वर्षांत मिठावरचा करही उठला, आणि सेंट हेलेन्स, विडनेस अशा गावांत कारखान्यांची रांग लागली. वायू हवेत मिसळताच ओलावा धरी आणि आम्लाचे धुके होऊन खाली बसे. झाडे वठली, कुंपणे करपली, दारांच्या कड्यांना गंज चढला. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने १८३८ मध्ये मस्प्रॅटवर खटला भरला. मालकांना यावर सुचलेला उपाय म्हणजे उंच चिमणी! ग्लासगोच्या सेंट रोलॉक्स कारखान्याने १८४२ मध्ये चारशे फुटांहून उंच चिमणी बांधली. तिने एवढेच साधले की जवळच्या शेजाऱ्याच्या वाट्याचे आम्ल दूरच्या शेजाऱ्याला पोहोचू लागले.

खरा उपाय त्याआधीच सापडला होता. विल्यम गॉसेज या कारखानदाराने १८३६ च्या सुमारास एका पडीक पवनचक्कीच्या आत काटक्या आणि झुडपे भरली, वरून पाणी झिरपत सोडले आणि खालून वायू चढविला. ओल्या काटक्यांवरून जाताजाता वायू पाण्यात विरघळून गेला. इतकी साधी युक्ती! पण ती बंधनकारक नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतले, कोणी घेतले नाही. आणि ज्यांनी घेतले त्यांनी ते आम्लाचे पाणी सरळ ओढ्यात सोडले. सेंट हेलेन्सच्या सँकी ओढ्यात हे आम्ल आणि गॅलिगूचा निचरा एकत्र आले की कुजक्या अंड्यांचा वास येणारा विषारी वायू उठे.

शेवटी सरकार हलले ते लॉर्ड डर्बींमुळे. त्यांची नोस्लीची जहागीर सेंट हेलेन्सला लागूनच होती. त्यांच्या पुढाकाराने १८६२ मध्ये चौकशी समिती नेमली गेली आणि पुढल्याच वर्षी अल्कली कायदा झाला: वायूपैकी निदान ९५ टक्के भाग पाण्यात अडविलाच पाहिजे. जमीनदारांची झाडे धोक्यात आली नसती तर हा कायदा किती वर्षे लांबला असता, याचा ज्याने त्याने विचार करावा. पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. आम्लाच्या पावसाचा अभ्यास त्यांनी आधीच आरंभिला होता. खटले भरण्यापेक्षा मालकांना समजावून त्यांच्याकडून काम करवून घेण्याकडे त्यांचा कल असे. कित्येकांना तो बोटचेपेपणा वाटे. पण वायू अडला, हे नाकारता येत नाही.

आणि मग गंमत झाली. कारखान्यांत आम्ल साचू लागले, तेव्हा त्याचे करायचे काय हा प्रश्न उभा राहिला. वॉल्टर वेल्डन या मूळच्या पत्रकाराने आणि विडनेसच्या हेन्री डीकनने १८७० च्या आगेमागे त्यातून स्वस्तात क्लोरीन काढण्याच्या रीती बसविल्या. क्लोरीन विझविलेल्या चुन्यात मुरविले की ब्लीचिंग पावडर. कापड आणि कागद शुभ्र करायला ती गाड्या भरभरून जाऊ लागली. हीच ती भुकटी, जिच्या पाण्याने १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुवायला लावले होते. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाळंतिणी दगावत होत्या, त्या जूनमध्ये दोनांवर आल्या. आपल्या विहिरींत ती पटकीच्या साथीत पडत आली आहे, आणि इस्पितळांतल्या दूषित कचऱ्याच्या निर्जंतुकीकरणातही क्लोरीनच्याच द्रावणांचा आधार घेतला गेला आहे. त्याच क्लोरीनची दुसरी बाजू अशी की ते ज्या प्लास्टिकमध्ये असते ते भट्टीत जाळले तर डायॉक्सिन निघू शकते. म्हणून २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे हळूहळू बंद करण्यास सांगितले.

ही शुभ्र भुकटी पिंपांत भरणारे मजूर तोंडाला फलाटीच्या घड्या आवळून क्लोरीनने भरलेल्या खोल्यांत शिरत. मिठाच्या भट्टीवरच्या लोकांचे दात आम्लाने झिजून जात. रॉबर्ट शेरर्ड या लेखकाने १८९७ मध्ये त्यांची हकिकत पुस्तकरूपाने छापली. झाडांसाठी झालेल्या कायद्यात या दातांचा उल्लेख नव्हता.

तिकडे बेल्जियममध्ये अर्नेस्ट सॉल्व्हेने अमोनियाच्या मदतीने सोडा करण्याची अधिक स्वस्त व स्वच्छ रीत चालू केली होती. १८७३ मध्ये ब्रनर आणि माँड यांनी ती इंग्लंडात आणली. लेब्लांचा सोडा तिच्यापुढे टिकेना. ज्या वायूला वर्षानुवर्षे चिमणीतून हाकलून लावले, त्याच्याच ब्लीचिंग पावडरीवर जुन्या कारखान्यांनी पुढची काही दशके संसार रेटला. १८८८ च्या सुमारास अलेक्झांडर चान्सने ताज्या गॅलिगूमधूनही गंधक परत मिळविण्याची रीत यशस्वी केली. त्यातली क्लाउसची भट्टी अजून तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांत, सुधारलेल्या रूपात, काम करते.

पण चान्सची रीत ताज्या गाळाला लागू होती. साठ वर्षे साचलेले जुने ढीग तसेच राहिले. पुढे कित्येकांवर माती टाकून बागा केल्या, काहींवर घरे उठली. विडनेसमध्ये पायासाठी जमीन खणताना अजूनही तो करडा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा थर लागतो.